दोनशे ग्रॅम

रिकामी झोळी हुकाला अडकवली
तेव्हा काटा शून्यावर यायला हवा होता.
तो दोनशेवर थांबला,
आत कुणी बसल्यासारखा.

बेळगाव, वसतिगृह, रात्रीचे साडेनऊ.
मेसमधून किलोचं मिठाचं पाकीट मागून आणलं,
झोळीत ठेवलं:
एक किलो दोनशे.
काढलं. पुन्हा ठेवलं.
मीठ कशाला खोटं बोलेल.

म्हणजे निपाणीतली एकेचाळीस बाळं,
माझ्या प्रबंधातली.
प्रत्येकाच्या अंगावर मी पावशेराला जरा कमी
असं नसलेलं मांस चढवलं होतं,
आणि अकरा जणांना तर उचलून
अडीच किलोच्या रेषेपलीकडं नेऊन ठेवलं होतं,
पुढं निळ्या शाईत 'ठीक'.

सहाव्या रात्री सटवाई लिहून जाते,
सातव्या दिवशी मी लिहायला जायचे.
तिचं कुणाला खोडता येत नाही.
माझं मलाच खोडायचं होतं,
आणि सातवा दिवस काही पुन्हा मोजता येत नाही.

हिरेकुडी मॅडमना फोन लावला. मागं कुकरच्या शिट्ट्या.
"आणखी कुणाला माहीत आहे?"
"तुम्हाला. आत्ता."
रागावल्या की त्या कानडीत शिरतात.
"नाळे होगु."
उद्या जा, एवढंच.
मी बेनाडीची, कानडी मला कळतं,
तरी 'नाळे' म्हटलं की आधी नाळच ऐकू येते.

जत्राट वेस. रोहिणीच्या मांडीवर सूप,
सुपात पानं, कात्री, दोरा,
मागं साडीच्या पाळण्यात पोरगी.
बोलताना ती हातांकडं बघतसुद्धा नाही, हात चालूच.
माझ्या दोन किलो सहाशेवर
तिच्या सासूनं, काशव्वानं, गल्लीभर साखर वाटली होती.
मी म्हटलं, दोन चारशे होतं.
काटा बिघडला होता. मी बघितलं नव्हतं.

"कारखान्यात बी असंच," रोहिणी म्हणाली,
"हजार नेऊन दिलं की मुकादम दोनशे छाटतोय.
मोडून टाकतोय, डोळ्यादेखत.
आता तू माझी पोरगी छाटाय आलीस व्हय?"

चार सेमिस्टरांत ह्याचं उत्तर कुठं आलं नव्हतं.
"माझं मोजणं छाटाय आलोय," मी म्हटलं,
माझी भाषाही तोवर तिच्या उंबऱ्यात उतरली होती.

मग तिचे हात थांबले.
डब्यातून तिनं तंबाखू घेतली, पंजाभर,
वर आणखी एक चिमूट,
आणि माझ्या झोळीत ओतली.
दुरुस्त करून आणलेला काटा हलला,
दोनशेवर जाऊन उभा राहिला.
हजार बिड्यांची तंबाखू. तिच्या पंजाला पाठ.

"एवढं?"
"एवढंच."

दोघी त्या भुकटीकडं बघत राहिलो.
पाळण्यात पोरगी शिंकली.

कार्ड काढलं. तायी कार्ड:
कानडीत तायी म्हणजे आई,
पण ह्या गल्लीत सगळ्याजणी 'ताईचं कार्ड' म्हणतात
आणि मी विसरून गेलेली वस्तू सांभाळावी तसं
पत्र्याच्या पेटीत, राशनकार्डाखाली ठेवतात.
ताईचं कार्ड. ताईची खाडाखोड.
खाली सही, तारीख.

काशव्वा इतका वेळ भिंतीला टेकून गप्प.
आता म्हणाली,
"वाटल्याली साखर काय मागाय जाता येत न्हाई."
आणि चहा टाकायला उठली.
अजून चाळीस घरं होती. मी नको म्हटलं नाही.

निघताना आजचं वजन घ्यायचं म्हणून
तंबाखू डब्यात रिकामी केली,
पोरीला झोळीत घालायला उचललं.
रोहिणीनं माझं मनगट धरलं.
"थांब.
आधी झटक.
मग रिकामी दाव."